कोळ्यांची ओळखपरेड

मंडळी, आज जरा वेगळ्याच शेजाऱ्याविषयी लिहायचे आहे. ठाण्याचा येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची आपल्या बाजूची कड. त्या जंगलात बिबट्या आहे हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्याच जंगलात, आणि पुढे कर्जत-माथेरानपासून खाली सह्याद्रीभर, टॅरंटुला राहतो हे किती जणांना ठाऊक आहे? तळहाताएवढा, केसाळ, बिळात नाहीतर झाडाच्या ढोलीत राहणारा कोळी. टॅरंटुला म्हटले की आपल्याला ब्राझील, ॲमेझॉन आणि इंग्रजी सिनेमे आठवतात. पण हा आपला घरचाच आहे, आणि त्याला नाव कसे मिळाले याचा इतिहास तर खास आपल्या मुंबई इलाख्यातून जातो.

मुळात 'टॅरंटुला' हे नावच उसने. इटलीत टारांटो नावाचे गाव आहे. तिथे शेतात एक मोठा कोळी सापडे. तो चावला की विष उतरवायला बेभान नाचायचे अशी समजूत होती. त्या नाचाला टारांटेला म्हणत आणि कोळ्याला टॅरंटुला. गंमत अशी की तो टारांटोचा कोळी आज आपण ज्याला टॅरंटुला म्हणतो त्या कुळातला नाहीच. तो जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या, 'लांडगा कोळी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातला. युरोपीय लोक अमेरिकेत गेले, तिथे त्याहून मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी तेच ओळखीचे नाव चिकटवून टाकले. नाव मूळ मालकाला सोडून भलत्यालाच बसले, ते कायमचे.

दुसरे नाव 'पक्षीभक्षक कोळी'. त्याचे मूळ मारिया सिबिला मेरियन या चित्रकार बाईंच्या १७०५ सालच्या पुस्तकात आहे. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये राहून त्यांनी किडे, फुलपाखरे आणि कोळी यांची चित्रे काढली. त्यातल्या एका चित्रात मोठा कोळी इवल्याशा पक्ष्याला खाताना दाखवला आहे. अनेकांनी त्यांना खोटे पाडले. तरी १७५८ साली लिनियसने त्या कोळ्याला नाव देताना 'अविक्युलारिया', म्हणजे पाखरांशी संबंधित, हाच शब्द वापरला.

दोन्ही नावांची ही तऱ्हा. पहिले भलत्याच कोळ्याचे, दुसरे एका चित्रावरून पडलेले. म्हणजे नावावरून काही कळत नाही. मग अंगावरून कळते का? या लेखाचा विषय तोच आहे. अंगावरच्या खुणांवरून कोळ्याची जात ओळखायची कशी, ती आजवर कोणी आणि कशी ओळखली, आणि त्यात चूक झाली तर कोणाचे काय बिघडते.

आधी थोडे व्याकरण. जीवशास्त्रात संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि जाती अशा पायऱ्या असतात. शाळेसारखेच म्हणा, 'वर्ग' हा शब्दही तिथे आहेच! वर्तमानपत्रे 'नवी प्रजाती सापडली' असे छापतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा 'जाती' म्हणायचे असते. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे त्या घरातली एक व्यक्ती, असे ढोबळमानाने समजा. शास्त्रीय नावात आडनाव आधी येते आणि नाव मागून, एवढाच काय तो आपल्याहून फरक. टॅरंटुलांचे कुल थेराफोसिडी. त्यात आज हजाराहून अधिक जाती आहेत.

या कुळातला कोळी ओळखायच्या खुणा कुठल्या? आकार आणि केस ही खूण नव्हे. डोंबिवलीच्या कुठल्याही जुन्या चाळीत न्हाणीघराच्या भिंतीवर रात्री एक मोठा, चपटा, तपकिरी कोळी दिसतो. पाय पसरले की बशीएवढा. मादी पोटाखाली चकतीसारखी पांढरट अंड्यांची पिशवी घेऊन फिरते. पाहुणे त्यालाच टॅरंटुला समजून किंचाळतात. तो टॅरंटुला नव्हे. तो झुरळे खाणारा आपला उपकारकर्ता आहे, त्याचे कुळच वेगळे. फरक कळतो तो दातांवरून. त्या घरातल्या कोळ्याचे विषदंत चिमट्यासारखे एकमेकांसमोर येऊन मिटतात. टॅरंटुलाचे दात एकमेकांना समांतर असतात आणि कुदळीसारखे वरून खाली पडतात. म्हणून तो शिकारीवर झडप घालताना अंगाचा पुढचा भाग उचलतो. दुसरी खूण श्वासाची. कोळ्याची फुप्फुसे पुस्तकाच्या पानांसारखी एकावर एक रचलेली असतात. बहुतेक साध्या कोळ्यांत त्यांची एक जोडी, टॅरंटुलात दोन. उलटा करून पाहिला तर पोटाच्या खालच्या बाजूला चार फिकट ठिपके स्पष्ट दिसतात. तिसरी खूण पायांच्या टोकाला. तिथे दोन नख्या आणि त्यांच्याभोवती केसांची दाट गादी. तिच्या जोरावर तो गुळगुळीत खोडावरही चढतो.

आता इतिहास. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिचा पहिला संसार फोर्टमध्ये एच. एम. फिप्सन यांच्या पेढीच्या जागेत मांडला गेला. हे फिप्सन वाइनचे व्यापारी! त्यांचे सहायक डब्ल्यू. एस. मिलार्ड पुढे बरीच वर्षे सोसायटीचे मानद सचिव होते. इलाखाभरचे जंगल खात्याचे अधिकारी, रेल्वेचे इंजिनिअर, डॉक्टर, कलेक्टर साप, विंचू, कोळी पकडून सोसायटीकडे पाठवत. आर. सी. रॉटन हे जंगल खात्याचे अधिकारी त्यांतलेच एक. यातले जे कोणाला ओळखता येत नसे ते लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जाई. तिथे ते एका तरुण माणसाच्या टेबलावर पोचे. त्याचे नाव रेजिनाल्ड इन्स पोकॉक.

पोकॉकचा जन्म १८६३ चा. त्याने लंडनमध्ये, स्पिरिटच्या बाटल्यांमधून आलेले मेलेले, रंग उडालेले, कधी पाय तुटलेले कोळी पाहून भारतातल्या कोळ्यांचा पहिला नीट हजेरीपट तयार केला. १८९९ साली त्याने सोसायटीच्या नियतकालिकात आणि इंग्लंडमधल्या नियतकालिकांत एकामागून एक नव्या जातींची वर्णने छापली. १९०० साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत त्याचा अष्टपादांवरचा खंड निघाला. मिलार्डच्या नावाने मुंबई परिसरातल्या एका कोळ्याला त्याने 'प्लेसिओफ्रिक्टस मिलार्डी' म्हटले. फिप्सन आणि रॉटन यांच्या वाट्याला विंचू आले. वाइनच्या पेढीतले मालक आणि सहायक असे दोघेही शास्त्रात अजरामर झाले. विंचवाच्या रूपाने का होईना!

पोकॉकची पद्धत मला फार आवडते, कारण ती वर्गात फळ्यावर शिकवता येईल अशी आहे. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न आणि दोनच उत्तरे. पहिला पाय लांब की चौथा? जबड्याच्या बाहेरच्या अंगाला केसांचा पट्टा आहे की नाही? जबडा आणि त्याला लागून असलेला स्पर्शपादाचा बुंधा यांच्यामध्ये आवाज काढायचे अवयव आहेत की नाहीत? 'आहे' म्हणालात तर या ओळीवर जा, 'नाही' म्हणालात तर त्या. असे करत करत शेवटी एका नावापाशी पोचायचे.

त्यातला आवाजाचा प्रश्न विशेष मनोरंजक. कोळी आवाज काढतो? हो, काढतो. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसन यांनी १८७० च्या दशकात आसामातल्या एका मोठ्या कोळ्यात हे दाखवून दिले. टॅरंटुलाच्या जबड्याच्या बाहेरच्या अंगाला ताठ काटे असतात आणि स्पर्शपादाच्या बुंध्याच्या आतल्या अंगाला गदेसारख्या जाड केसांची रांग. हे त्यावर घासले की फुत्कारल्यासारखा आवाज येतो. सारंगी आणि गज असेच म्हणा ना. ही सारंगी कुठे आहे, तिला किती तारा आहेत, त्या कशा आकाराच्या आहेत, यावरून आशियातल्या टॅरंटुलांचे गट पाडता येतात. वुड-मेसनचा तो आसामी कोळी आज चिलोब्रॅकिस या प्रजातीत मोडतो. तिचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतही बिळे करून राहतात.

पोकॉकच्या नोंदींतले पत्ते वाचताना मात्र आपल्यासारख्या लोकलवाल्यांना गंमत वाटावी. झाडावर राहणारे, अंगावर देखणी नक्षी असलेले टॅरंटुला पोसिलोथेरिया या प्रजातीत येतात. हे नाव फ्रेंच अभ्यासक सिमॉनने १८८५ साली ग्रीक शब्दांवरून बेतले. अर्थ, चित्रविचित्र रंगांचे जनावर. ही प्रजाती फक्त भारत आणि श्रीलंकेत आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पोकॉकने १८९९ या एकाच वर्षी तिच्यातल्या रेगालिस म्हणजे राजेशाही, फॉर्मोसा म्हणजे सुंदर आणि मेटॅलिका म्हणजे धातूसारखी, अशा जाती सांगितल्या. रेगालिसचा पत्ता अरकोणम. आपल्या कल्याणसारखेच मद्रासकडचे मोठे जंक्शन! मेटॅलिकाचा पत्ता गुत्ती, आणि तिथेही रेल्वेच्या लाकडांची वखार. तिसऱ्या एका बिळातल्या कोळ्याचा पत्ता माथेरान. इंग्रजांचे कोळी रेल्वेने हिंडत होते की काय असे वाटावे!

आणि तसेच घडले असावे. मेटॅलिका हा गडद निळा, चकचकीत कोळी. पोकॉककडे त्याची एकच मादी आली होती. त्यानंतर तो गुत्तीला कोणालाही दिसला नाही. पाच-दहा नव्हे, १०२ वर्षे. २००१ साली तो पुन्हा सापडला तो गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूर यांच्या मधल्या जंगलात. अभ्यासकांनी जो उलगडा केला तो साधा आहे. जंगलात झाड तोडले, ढोलीतला कोळी ओंडक्याबरोबर मालगाडीत चढला आणि गुत्तीच्या वखारीत उतरला. अंगाच्या खुणा पोकॉकने बिनचूक लिहिल्या होत्या. चुकला होता तो पत्ता. त्या एका चुकीच्या पत्त्यामुळे शतकभर कोणाला कळले नाही की हा कोळी कुठे राहतो, त्याचे जंगल किती उरले आहे. कळले तेव्हा ते शंभर चौरस किलोमीटरपेक्षाही कमी होते. आज त्याची गणना अतिशय गंभीर धोक्यातल्या जातींत होते.

इथे माझ्या लेखाचा मुद्दा येतो. जी गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते ती खूण म्हणून सर्वांत कच्ची असते. खरी खूण बहुधा लपलेली असते आणि ती पाहण्यासाठी कष्ट पडतात. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण कोळ्यांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे.

रंगाचेच घ्या. निळा टॅरंटुला दिसला की वाटते, सगळे निळे एका घरचे असतील. २०१५ साली काही शास्त्रज्ञांनी टॅरंटुलांचा वंशवृक्ष मांडून त्यावर निळ्या जाती खुणावल्या. तेव्हा असे दिसले की निळा रंग या कुळात किमान आठ वेळा, एकमेकांशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे आला आहे. शिवाय तो रंगद्रव्याचा रंगच नाही. केसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतताना निळा दिसतो, जसा मोराच्या पिसावर दिसतो. २०२३ साली थायलंडच्या खारफुटीत सापडलेला झगझगीत निळा कोळी आपल्या सह्याद्रीतल्या काळपट-तपकिरी चिलोब्रॅकिसचा चुलतभाऊ निघाला. गुत्तीच्या निळ्या मेटॅलिकाशी त्याचे नाते दूरचे. घराणे रंगावरून ठरवले असते तर सगळा घोटाळाच झाला असता.

मग रंग अगदीच निरुपयोगी का? तसेही नाही. घराणे कळले की घरातली माणसे ओळखायला रंग उपयोगी पडतो. पोसिलोथेरियाच्या जाती वरून पाहिल्या तर राखी-करड्या झाडाच्या सालीसारख्या, बहुतेक सारख्याच. फरक खालून. रेगालिसच्या पुढच्या पायांच्या खालच्या बाजूला पिवळा धमक रंग असतो, आणि पोटाच्या खालून फिकट गुलाबीसर पट्टा आडवा जातो. चिडला की तो पुढचे पाय वर करतो आणि तो पिवळा रंग समोरच्याला दाखवतो. म्हणजे ओळखपत्र पोटाशी बांधलेले, आणि ते बाहेर काढायचे ते भांडणाच्या वेळी!

नर-मादीचा घोळ आणखी वेगळा. मादी दहा-बारा वर्षे सहज जगते, आपले बीळ किंवा ढोली फारशी सोडत नाही. नर वयात आला की अंगाने सडपातळ, पायांनी लांब होतो आणि बहुधा पावसाच्या दिवसांत मादीच्या शोधात बाहेर पडतो. नंतर तो फार जगत नाही. आपल्याला रस्त्यावर, आवारात दिसतो तो बहुतेक हा भटका नर. नर आणि मादी इतके वेगळे दिसू शकतात की केवळ नरावरून केलेले वर्णन आणि केवळ मादीवरून केलेले वर्णन एकाच जातीचे आहे हे कागदावर कळतच नाही. जगभरच्या कोळ्यांच्या याद्यांत अशी जोडनावे पुष्कळ निघाली आहेत.

म्हणून अभ्यासक शेवटी जननेंद्रियांकडे वळले. नराच्या स्पर्शपादाच्या टोकाला एक बल्बसारखा अवयव असतो, मादीच्या पोटात वीर्य साठवायची छोटीशी पिशवी. त्यांचे आकार जातीनुसार बदलतात. यात एक सुंदर सोय निसर्गाने ठेवली आहे. टॅरंटुला मादी मोठी झाल्यावरही कात टाकत राहते, आणि त्या पिशवीचे अस्तर कातेबरोबर बाहेर येते. म्हणजे मादीला न मारता, केवळ तिची टाकलेली कात पाण्यात भिजवून, उलगडून भिंगाखाली पाहिली तर तिची ओळख पटायला मोठी मदत होते. पोकॉकच्या काळी ओळखण्यासाठी मारावे लागे. आज निदान काही वेळा वाट पाहिली तरी भागते.

पोकॉकनंतर काय झाले? तो स्वतः पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक झाला आणि उतारवयात वाघ-बिबट्यांच्या वर्गीकरणात रमला. एफ. एच. ग्रेव्हली हे आधी कलकत्त्याला आणि मग मद्रासच्या सरकारी संग्रहालयात होते. त्यांनी १९१५ पासून १९३५ पर्यंत भारतातल्या या कोळ्यांवर लेख लिहिले. खंडाळ्याच्या एका कोळ्याला त्यांनी दिलेले 'ब्लाटेरी' हे नाव मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लाटर यांची आठवण आहे. स्वातंत्र्यानंतर झूलॉजिकल सर्व्हेच्या बी. के. टिकादार यांनी पुण्यात राहून भारतीय कोळ्यांवर मोठे काम केले आणि १९८७ साली त्यांचे हस्तपुस्तक निघाले. पण टॅरंटुलांकडे फारसे कोणी वळले नाही. एक मोठी अडचण अशी की ज्या मूळ नमुन्यावरून पोकॉकने नाव दिले तो नमुना लंडनला. नवा कोळी सापडला तर तो तोच आहे की वेगळा, हे ताडून पाहायला तिथेच जायला हवे. २००५ साली मंजू सिलिवाल, संजय मोलूर आणि बी. के. बिस्वास यांनी भारतातल्या सर्व कोळ्यांची यादी केली, ती १४४२ जातींची. तिथून पुन्हा हालचाल सुरू झाली.

आणि ही हालचाल आपल्या दारापर्यंत आली. २०१४ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि हर्षल भोसले यांनी पश्चिम घाटातल्या टॅरंटुलांचा आढावा छापला. त्यात पाच नव्या जाती होत्या. एक आंबोलीची, 'अंबोली' याच नावाची. आणि एक चक्क गोरेगावच्या आरे दूध वसाहतीतली, 'हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस'. हेटेरोफ्रिक्टस ही प्रजाती पोकॉकनेच १९०० साली केलेली. मध्यंतरी ती दुसऱ्या प्रजातीत विलीन मानली जात होती, पुढे पुन्हा वेगळी काढली गेली. वाचताना वाटते, काय हा शास्त्रज्ञांचा खेळ, आज जोडा, उद्या तोडा! पण हे शक्य झाले ते जिवंत कोळी त्याच्या बिळापाशी बसून पाहिल्यामुळे आणि त्या लपलेल्या अवयवांची चित्रे नीट काढल्यामुळे. पोकॉकला बाटली मिळाली होती, या मुलांना बीळही मिळाले.

विचार करा, आरे म्हणजे काही अगम्य अरण्य नव्हे. १९४९ साली तिथे गोठे वसवले, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकर सहलीला गेले, सिनेमांची चित्रीकरणे झाली. इतक्या पायदळी तुडवलेल्या जागेत एक केसाळ कोळी २०१४ पर्यंत बिननावाचा राहिला. पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली दोन हजारांहून अधिक झाडे एका रात्रीपासून तोडली गेली आणि मग सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. त्या वादात 'आरे हे जंगल आहे की नाही' असा प्रश्न कोर्टात आणि वर्तमानपत्रांत रंगला होता. मेट्रो हवी की झाडे हवीत यावर इथे मी काही म्हणत नाही. कल्याणहून उभ्याने प्रवास केलेल्या माणसाला मेट्रोचे महत्त्व कोणी सांगायला नको. माझे म्हणणे एवढेच, की ज्याला नाव नाही त्याची बाजू कोणी मांडू शकत नाही. 'आरेएन्सिस' हे नाव म्हणजे त्या जागेचा सात-बाराच आहे, कोळ्याच्या नावावरचा.

नावाचा आणखी एक आपला दाखला. हा टॅरंटुला नाही, उड्या मारणारा चिमुकला कोळी आहे. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ साली 'आयसियस तुकारामी' हे नाव देण्यात आले. देणारे ध्रुव प्रजापती, जॉन कॅलेब, सोमनाथ कुंभार आणि राजेश सानप. तुकाराम म्हणजे मुंबई पोलिसांतले हुतात्मा तुकाराम ओंबळे, ज्यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली. मिलार्ड यांच्या नावापासून तुकारामांच्या नावापर्यंतचा हा प्रवास १२२ वर्षांचा. पोकॉकने आपल्या कोळ्यांना साहेबांची नावे दिली, आपल्या मुलांनी साताऱ्याच्या शेतकऱ्याच्या मुलाचे दिले. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता, ओळख चुकली तर काय बिघडते, ते सांगायचे राहिले. २०१२ साली आसाममधल्या सदिया भागात मोठे कोळी निघाल्याच्या आणि माणसे चावल्याने दगावल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. कोणी म्हणे हा ऑस्ट्रेलियातल्या भयंकर विषारी कोळ्याचा भाऊ, कोणी म्हणे आणखी काही. पुढे तो चिलोब्रॅकिस असावा असे अभ्यासकांनी सुचवले. टॅरंटुलाचा दंश फार दुखतो, पोसिलोथेरियाच्या दंशाने तर स्नायूंना पेटके येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. पण त्याच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही. नाव माहीत नसले की घबराट आधी पसरते, मग उपचार भलत्याच दिशेने जातात, आणि वाटेत दिसेल तो प्रत्येक कोळी चपलेखाली जातो.

दुसरी बाजूही आहे. नाव मिळाले की गिऱ्हाइकही मिळते. परदेशांत टॅरंटुला पाळायचा मोठा शौक आहे आणि देखण्या पोसिलोथेरियांना तिथे मागणी आहे. गुत्तीचा निळा कोळी शंभर चौरस किलोमीटरच्या आत कोंडलेला, आणि त्याचे वंशज जगभरच्या काचपेट्यांत. शेवटी २०१९ साली ही सबंध प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतली गेली. परवान्याशिवाय तिचा परदेशी व्यापार आता करता येत नाही. पण विमानतळावरच्या कस्टमच्या माणसाला डब्यातला करडा कोळी पोसिलोथेरिया आहे की दुसरा कोणी, हे कशावरून कळणार? पुन्हा तेच. पायांची खालची बाजू, पोटावरचा पट्टा, जबड्याचे काटे. पोकॉकची १२५ वर्षांपूर्वीची प्रश्नावली आता कायद्याच्या कामी आली आहे. डीएनएची तपासणी आली आहे हे खरे, पण ती प्रयोगशाळेत होते. दारात उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसणारी खूणच लागते. त्याच कारणाने काही अभ्यासक आता नव्या जातीचे नेमके ठिकाण छापत नाहीत. गुत्तीला चुकीच्या पत्त्याने कोळी हरवला, आता बरोबर पत्ता सांगायची भीती वाटते. काळाचा महिमा, दुसरे काय!

नातेवाईकांपैकी आणि नेहमीच्या वाचकांपैकी बरेच जण घोडबंदर रोडला, टिटवाळ्याला, बदलापूरला डोंगराच्या कुशीत नव्या सोसायट्यांत राहायला गेले आहेत. तिथे पावसाळ्यात एखादा केसाळ पाहुणा जिन्यात आलाच तर काय करावे? हात लावू नये, चप्पल उचलू नये. काचेची मोठी बरणी वरून पालथी घालावी आणि खालून जाड पुठ्ठा सरकवावा. हे धैर्य नसेल तर सर्पमित्राला बोलवावे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत त्यांची वाण नाही, आणि त्यांतले बरेच जण कोळीही हाताळतात. काचेतून पोटाची बाजू आयती दिसते. वरून एक आणि खालून एक असे दोन फोटो घ्यावेत, तारीख आणि जागा लिहून ठेवावी, आणि त्याला जवळच्या झाडीत सोडून द्यावे. फोटो एखाद्या अभ्यासकाकडे पोचवता आला तर उत्तमच. वाइनच्या पेढीवाल्यांनी आणि जंगल खात्यातल्या साहेबांनी हेच केले होते, फक्त ते बाटलीत घालून पाठवत.

मात्र जागा अगदी नेमकी लिहा. 'ठाण्याजवळ' एवढेच लिहिलेत तर पुढच्या शतकात कोणीतरी बिचारा ठाणे स्टेशनच्या दोन नंबरच्या फलाटावर टॅरंटुला शोधत उभा राहायचा!